पाळक आणि वडीलजनांस खुले पत्र : याकोबाचंही नाव घ्या

आदरणीय पाळकसाहेब आणि मंडळीचे सर्व वडीलजन,

प्रभूमध्ये सलाम.

हे पत्र आधी बंद पाकिटात देणार होतो. मग दुसऱ्या मंडळ्यांतल्या चार ओळखीच्या माणसांशी बोललो. त्यांनी आपापल्या मंडळीतली जी हकिगत सांगितली ती इतकी आपल्यासारखी निघाली, की पाकीट बाजूला ठेवलं. पाळकांची आणि वडिलांची खुर्ची जिथे जिथे आहे, तिथे हे पत्र पोचलं तर बरं.

निमित्त आपल्याला आठवत असेल. मंडळीतल्या एका तरुणाला कामाच्या ठिकाणी तपासणीच्या नोंदीवर सही करायला सांगितलं. तपासणी झालेलीच नव्हती. त्याने सही केली नाही आणि आठवडाभरात त्याची नोकरी गेली. रविवारी उपासना संपल्यावर तो आपल्याकडे आला. आपण त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीत आणि म्हणालात, ‘देवाने तुझ्यासाठी याहून चांगली योजना ठेवली आहे.’ तो गेला. मग आपल्याच बैठकीत एक वडील म्हणाले, ‘पोराने जरा शहाणपणाने घ्यायला हवं होतं. वरच्यांशी वाकडं घेऊन कसं चालेल?’ कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

मी गप्प का बसलो ते सांगतो. बारा वर्षांपूर्वी माझ्यापुढेही असाच कागद आला होता. साहेबांनी पेन पुढे केलं, मी सही केली. हात थरथरला वगैरे काही झालं नाही, सही अगदी नेहमीसारखी आली. पुढे बढती मिळाली. वर्षभरात आपण मला मंडळीच्या हिशेबाच्या समितीवर घेतलंत आणि माझी ओळख करून देताना ‘विश्वासू भाऊ’ म्हणालात. ज्याने सही केली त्याला खुर्ची मिळाली, ज्याने केली नाही त्याला प्रार्थना मिळाली. हे तेव्हापासून घशात अडकलंय.

तर मुद्दा त्या ‘योजने’चा. हा शब्द आपण मंडळीत फार वापरतो आणि तो बहुतेक वेळा एकाच अर्थाने वापरतो: शेवटी तुझं बरंच होईल. नोकरी गेली, दुसरी चांगली मिळेल. खटला झाला, सुटशील. अधिकाऱ्याने त्रास दिला, त्याचीच बदली होईल. भक्तीच्या खोलीत टांगलेल्या चौकटीतही यिर्मया संदेष्ट्याचं तेच वचन असतं, २९ व्या अध्यायातलं अकरावं. तुमच्याविषयी माझ्या मनात आहेत ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, अशा अर्थाचं. मला ते पाठ आहे. संडे स्कूलमध्ये मीच कित्येक मुलांकडून ते पाठ करून घेतलंय. दहावं वचन मात्र मी एकाही मुलाला शिकवलं नाही.

दहाव्या वचनात सत्तर वर्षं आहेत. बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना यिर्मया यरुशलेमेहून पत्र लिहितो आणि कळवतो, की सत्तर वर्षं भरल्यावर देव तुम्हाला परत आणील. ते पत्र ऐकणारा चाळिशीचा माणूस घरी परतणार नव्हता. त्याच्या वाट्याला आलेली योजना म्हणजे परक्या राजाच्या नगरात घर बांधणं, बाग लावणं, मुलांची लग्नं करणं, आणि ज्याने आपल्याला धरून आणलं त्याच्या नगराच्या शांतीसाठी प्रार्थना करणं. जाता जाता सांगतो, त्या पत्राच्या आरंभी ज्यांना ते लिहिलं त्यांची यादी आहे आणि तिच्यात सर्वांत आधी नाव येतं ते बंदिवासातल्या उरलेल्या वडीलजनांचं. म्हणजे वडीलजनांना नकोशी पत्रं लिहिण्याची चाल माझ्यापासून सुरू झालेली नाही.

त्याच्याच आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा भेटतो. हनन्याचा संदेश छान होता. मंदिरात, याजकांच्या आणि सर्व लोकांच्या देखत तो म्हणाला, दोन वर्षं, फक्त दोन वर्षं, मग बाबेलच्या राजाचं जू मोडेल, मंदिराची पात्रं परत येतील, माणसं परत येतील. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होतं, ते त्याने सगळ्यांसमोर काढून मोडूनही दाखवलं. असं वचन मिळाल्यावर कुठली मंडळी ‘आमेन’ म्हणणार नाही? यिर्मयासुद्धा म्हणाला! तसं होवो, परमेश्वर तसं करो, म्हणाला. मग त्याला देवाचं वचन आलं, की लाकडाचं जू मोडलंस, त्याच्या जागी लोखंडाचं आलं. हनन्या त्याच वर्षी मेला. पाळकसाहेब, आपल्याला दुखवायचं नाही, पण त्या तरुणाच्या डोक्यावर हात ठेवून आपण जे बोललात ते मला हनन्याच्या बाजूचं वाटलं. देवाने दोन वर्षांचा वायदा केलेला नसताना आपण तो करून टाकला. तो खोटा पडला, की माणूस पाळकावर चिडत नाही. तो देवावर चिडतो, आणि हळूहळू मागच्या बाकावर सरकून एक दिवस दिसेनासा होतो.

याकोबाचं नाव मी शीर्षकात घातलं आहे ते प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायामुळे. आपण तो अध्याय पेत्रासाठी वाचतो. पेत्र तुरुंगात, चार चार शिपायांची चार टोळकी पहाऱ्यावर, दोन साखळ्या, दोन शिपायांच्या मधोमध हा गाढ झोपलेला. देवदूत त्याच्या कुशीत मारून त्याला उठवतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दार आपोआप उघडतं. त्याच्या सुटकेसाठी रात्रभर प्रार्थना करणारी मंडळी तो दारात येऊन उभा राहिला तरी विश्वास ठेवत नाही, आणि रुदा नावाची मुलगी आनंदाच्या भरात दार उघडायचंच विसरते. मुलं या ठिकाणी हमखास हसतात. मीही हसतो.

पण हा अध्याय पेत्रापासून सुरू होत नाही. दुसऱ्या वचनात हेरोदाने योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने मारलं. बस, एवढंच. एक वाक्य. हा याकोब म्हणजे कुणी कोपऱ्यातला शिष्य नव्हे. याईराच्या मुलीच्या खोलीत येशूने ज्या तिघांना आत नेलं त्यातला एक, रूपांतराच्या डोंगरावर होता, गेथशेमाने बागेतही होता. त्याच्यासाठी देवदूत आला नाही. मंडळीने पेत्रासाठी प्रार्थना केली आणि याकोबासाठी केली नाही, असं मानायला काहीही जागा नाही. याकोबाचा विश्वास कमी होता, असंही हे पुस्तक लिहिणारा लूक कुठे सुचवत नाही. हेरोद तोच, देव तोच. एक जण सुटला, एक जण मारला गेला, आणि लूकने दोन्ही गोष्टी एकाच पानावर, कसलाही खुलासा न करता ठेवून दिल्या. त्याच अध्यायाच्या शेवटी हेरोद किडे पडून मेला आणि देवाचं वचन वाढत गेलं. योजना त्या वाढण्याची होती. तिच्यात पेत्राची सुटका मावली आणि याकोबाची तरवारही मावली. ही गोष्ट गिळायला अवघड आहे, मला अजून नीट गिळता आलेली नाही. पण पेत्राची गोष्ट सांगून याकोबाची वगळली, तर आपण लोकांना निम्मंच वचन वाढतो.

याकोबाच्या बाबतीत आणखी एक. त्याला आणि योहानाला येशूने विचारलं होतं, मी पिणार तो प्याला तुमच्याने पिववेल काय? दोघंही ‘होय’ म्हणाले, बहुतेक सिंहासनाच्या उजव्या-डाव्या जागांकडे डोळा ठेवून. प्रभूने तो होकार मात्र खरा धरला.

दानीएलाच्या पुस्तकातले शद्रख, मेशख आणि अबेद्नगो हे तिघे बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या मूर्तीपुढे वाकायला नकार देताना जे बोलले त्यात दोन भाग आहेत. आमचा देव आम्हाला धगधगत्या भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, हा पहिला. आणि त्याने नाही सोडवलं तरी हे राजा, तुझ्या मूर्तीला आम्ही नमन करणार नाही, हा दुसरा. पहिल्या भागावर प्रवचन सोपं जातं, कारण गोष्टीचा शेवट आपल्याला माहीत असतो. त्यांना माहीत नव्हता. भीतीचा दात उपटला तो दुसऱ्या भागाने. राजाच्या हातात एकच हत्यार होतं, ‘नाहीतर’. त्या तिघांनी ते ‘नाहीतर’ आधीच मोजून घेतलं, मग राजाकडे चिडण्याशिवाय काही उरलं नाही. भट्टी सातपट तापवली, ती त्या चिडीतून.

सत्तेच्या चिडीवरून एक सांगावंसं वाटतं. पवित्र शास्त्र वाचताना आपण भिणाऱ्या प्रजेकडे पाहतो. कधी सिंहासनाकडे नीट पाहा. सगळ्यांत जास्त घाबरलेली माणसं तिथे बसलेली दिसतात. निर्गमातला फारो इब्र्यांची संख्या वाढते म्हणून घाबरला आणि त्याने सुइणींना मुलगे मारायची आज्ञा दिली. यिर्मयाला चिखलाच्या टाक्यात टाकायला त्याचे सरदार आले तेव्हा राजा सिद्कीया त्यांना म्हणाला, तो तुमच्या हाती आहे, राजाला तुमच्याविरुद्ध काही करता येत नाही. राजा हे म्हणतोय! मग त्याच राजवाड्यातला एबद-मलेख नावाचा कूशी सेवक उठतो, राजाकडे जाऊन सरळ बोलतो, दोरखंड आणतो, सोबत जुन्या चिंध्या आणतो आणि टाक्यात वाकून यिर्मयाला सांगतो, या बगलेत घाल, दोर काचणार नाही. त्या सबंध दरबारात एकच माणूस असा निघाला ज्याला राजाची भीती कमी आणि काखेत काचणाऱ्या दोराची काळजी जास्त होती. येशूचा न्याय करणाऱ्या रोमी सुभेदार पिलाताचंही तेच. येशूने त्याला सांगितलं, तुला वरून दिलेला नसता तर माझ्यावर तुझा काही अधिकार चालला नसता. पिलात त्याआधीच घाबरलेला होता, असं योहान स्पष्ट लिहितो. बेड्या येशूच्या हातात होत्या आणि आत-बाहेर येरझाऱ्या पिलात घालत होता.

माझे साहेबही घाबरलेलेच होते, हे मला फार उशिरा कळलं. त्यांच्यावरही कुणीतरी होतं. त्या दिवशी टेबलाच्या दोन्ही बाजूंना भ्यालेली माणसं बसली होती आणि मधे एक पेन होतं.

आता जे लिहितो ते जड आहे, तरी लिहितो. ‘मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’ हे पेत्राचं वाक्य आपण सरकार, कायदा, अधिकारी यांचा विषय निघाला की काढतो. पेत्र ते रोमी अधिकाऱ्याला बोलला नव्हता. समोर होती न्यायसभा: प्रमुख याजक, वडील, शास्त्र जाणणारे, उपवास करणारे, देवाचं नाव घेतल्याशिवाय कुठलीही सभा सुरू न करणारे लोक. म्हणजे खुर्च्यांच्या हिशेबाने पाहिलं तर आपण. पृथ्वीवरच्या अधिकाराची भीती म्हटली की आपल्याला शिपाई आणि शिक्के आठवतात. मंडळीतल्या माणसाला विचाराल तर तो दबक्या आवाजात वेगळंच सांगेल: पाळकांना न पटणारं बोललो तर मुलीच्या लग्नाला अडचण येईल का, वार्षिक सभेत हिशेबाचा प्रश्न विचारला तर ‘बंडखोर आत्मा’ असा शिक्का बसेल का. हिशेबाच्या समितीवर बसून मी हे पाहिलंय. ‘देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका’ हे वचन हिशेब मागणाऱ्याच्या तोंडावर फेकलेलं पाहिलंय. दाविदाने ते राजा शौलाचा जीव घ्यायचा नाही म्हणून म्हटलं होतं. पावती मागू नये, असं त्याच्या मनात नसावं.

रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय मी विसरलेलो नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावं, कर द्यावा, मान द्यावा. पौलाने हे लिहिलं तेव्हा रोमेत नीरो गादीवर होता, तेव्हा चांगल्या राजापुरतंच ते लिहिलं, असंही म्हणता येत नाही. मी कर भरतो, सिग्नलला थांबतो, अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. पण पौलाचं वागणंही वाचा. फिलिप्पैत त्याला फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप सोडून द्यायला निघाले, तेव्हा हा बाहेर यायलाच तयार होईना. आम्ही रोमी नागरिक, चौकशीशिवाय उघड मारलंत, आता ज्यांनी मारलं त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, म्हणाला. ते आले. पुढे कैसरियात त्याने सरळ कैसराजवळ न्याय मागितला. दिमिष्कात पाटीत बसून गावकुसाच्या भिंतीवरून खाली उतरून पळालासुद्धा. म्हणजे देवावर भरवसा ठेवणारा माणूस अर्ज करतो, अपील करतो, वकील गाठतो, प्रसंगी पळतो. त्या तरुणाला आपल्या मंडळीतल्या दोन वकिलांपैकी एकाचाही फोन नंबर आपण दिला नाहीत. ‘योजना’ म्हटलं की आपलं काम संपतं, असं कधीपासून झालं?

फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातला शेतकरी होता. बायको आणि तीन लहान मुली. हिटलरच्या सैन्यात लढायला त्याने नकार दिला. गावचे धर्मगुरू आणि बिशप यांनी त्याला हेच समजावलं, की तुझ्यावर कुटुंबाची जबाबदारी आहे, या युद्धाचा न्याय करणं तुझं काम नव्हे. ते काही वाईट लोक नव्हते. त्यांना त्याचा जीव वाचवायचा होता. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. २००७ मध्ये त्याच कॅथलिक मंडळीने त्याला धन्य घोषित केलं, तेव्हा नव्वदी ओलांडलेली त्याची बायको समोर बसली होती. मला त्या बिशपांबद्दल रागापेक्षा भीती वाटते. इतक्या प्रेमाने आणि इतक्या समंजसपणे चुकता येतं, ही भीती.

याचा अर्थ प्रत्येकाला भट्टीकडे ढकला, असा काढू नका. दुसऱ्याच्या नोकरीवर, दुसऱ्याच्या मुलाबाळांवर शूर होणारे उपदेशकही मी ऐकलेत आणि ते ‘शहाणपणाने घ्या’ म्हणणाऱ्यांहून वाईट. प्रभू स्वतः म्हणाला, एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा. आणि भीती हे पाप असतं तर गेथशेमाने बागेत प्रभू स्वतः व्याकूळ झाला, त्याचं काय करायचं?

भ्यालेल्यांचं काय करायचं, हा प्रश्न मंडळीपुढे फार पूर्वी आला होता. इ. स. २५० च्या सुमारास डेशियस बादशहाने हुकूम काढला, की सर्वांनी देवतांना बलिदान करावं आणि केल्याचा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. अर्जदाराचं नाव, मी नेहमीच देवतांना बलिदान करत आलो असं निवेदन, खाली साक्षीदारांची सही. काही ख्रिस्ती लोकांनी खरंच बलिदान केलं. काहींनी पैसे चारून नुसताच कागद मिळवला. देवतेपुढे गेलो नाही, फक्त सही घेतली, अशी मनाची समजूत. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. साडेसतराशे वर्षांपूर्वीचा तो कागद आणि माझा कागद एकाच कारखान्यातले होते.

छळ ओसरल्यावर ही माणसं मंडळीच्या दाराशी परत आली. एक बाजू म्हणाली, यांना कधीच आत घेऊ नका. दुसरी म्हणाली, लगेच घ्या, काय झालं एवढं. कार्थेजचे बिशप सिप्रियन मधे उभे राहिले: घ्यायचं, पण जे झालं त्याला नाव देऊन, पश्चात्तापानंतर, प्रत्येकाचं प्रकरण वेगळं पाहून. सिप्रियन स्वतः त्या छळात लपून राहिले होते आणि त्यावरून त्यांनी पुष्कळ ऐकूनही घेतलं होतं. पुढचा छळ आला तेव्हा ते लपले नाहीत. १४ सप्टेंबर २५८ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. एकदा लपलेल्या माणसाला देवाने टाकून दिलं नाही, यात माझ्यासारख्याला केवढा तरी आधार आहे. पण त्या मंडळीत माणसाला ‘मी भ्यालो’ असं मोठ्याने म्हणायची जागा होती. आपल्याकडे ती कुठे आहे? आपल्या साक्षीच्या वेळेत फक्त सुटलेले पेत्र बोलतात.

येशूने चिमण्यांचा दाखला दिला तो नेमका याच विषयावर बोलताना, शरीराचा घात करणाऱ्यांना भिऊ नका, हे सांगताना. दमडीला दोन विकल्या जाणाऱ्या चिमण्या. त्यातली एकही तुमच्या पित्याशिवाय जमिनीवर पडत नाही, असं तो म्हणतो. पडतच नाही, असं म्हणत नाही. लहानपणापासून हे वचन ऐकत आलो, पण त्यात चिमणी पडते, हे मला वयाच्या पन्नाशीत दिसलं.

तेव्हा आपल्याकडे मागणं एवढंच. तो तरुण गेले तीन रविवार आलेला नाही. त्याच्या घरी जा. योजनेचं नाव न काढता नुसते जाऊन बसा, जमलं तर त्या दोन वकिलांपैकी एकाला सोबत न्या. मंडळीच्या गरजूंच्या निधीत शिल्लक आहे, हिशेब माझ्याकडेच असतो, त्यामुळे ‘पाहू’ म्हणू नका. पुढचे काही महिने त्याचं घर चालेल एवढं त्यात नक्की निघतं.

आणि येत्या रविवारी साक्षीच्या वेळी मला पाच मिनिटं द्या, सूचनांच्या आधी. बारा वर्षांपूर्वीच्या त्या कागदाबद्दल मला मंडळीसमोर बोलायचं आहे. त्यानंतर समितीवर मला ठेवायचं की नाही, ते आपण ठरवा. मी शेवटच्या बाकावर त्या तरुणाच्या नेहमीच्या जागेशेजारी बसलेला असेन. नाव पुकारलंत की पुढे येईन.

प्रभूमध्ये आपला,
मंडळीचा एक सभासद